क्षेत्रभेटीतून जीवशास्त्र: निफाडच्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. थोडक्यात असा: मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवायची फार इच्छा आहे, पण नीट आणि सीईटी या प्रवेशपरीक्षांची घाई, प्राचार्यांना जबाबदारीची धास्ती, पालकांना वेळ वाया जाण्याची भीती. वर्षातून एकदा आम्ही नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेतो. मुलं फोटो काढतात, डबे खातात, आल्यावर एकमेकांचं बघून अहवाल लिहितात. यातून विज्ञान शिकवलं जातं का? आणि जात नसेल तर काय करावं?

मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागेल. तुम्हालाही ते माहीत आहे, नाहीतर प्रश्न विचारलाच नसता. पण त्यात तुमचं काही चुकलंय असं नाही. आपल्याकडे क्षेत्रभेट म्हणजे सहलीची सख्खी बहीण, ही समजूत पक्की आहे आणि ती विद्यापीठापासून शाळेपर्यंत सगळीकडे आहे. मी नाशिकमध्ये प्राणीशास्त्र शिकवण्यात तीसेक वर्षं घालवली. सुरुवातीला आमच्याकडेही वर्षअखेरीची ‘एक्सकर्शन’ म्हणजे कोकणचा किनारा, बाटल्यांत फॉर्मॅलिन, त्यात बिचारा एखादा तारामासा, आणि परतीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या. भेंड्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्या चार दिवसांत कुणाच्याही वहीत एकही आकडा नसायचा.

इतक्या वर्षांनी माझं ठाम मत असं झालंय: मुलं बाहेर जातात तेव्हा फक्त कच्चा माल गोळा होतो. विज्ञान सुरू होतं ते परत आल्यावर, फळ्यासमोर, दोन गटांचे आकडे जुळत नाहीत म्हणून मुलं एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा. त्यामुळे क्षेत्रभेट आखताना ‘कुठे न्यायचं’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी ठरवायचं की परत आल्यावर भांडायला काय मिळेल.

अगदी साधं उदाहरण देतो. क्वाड्रॅटचं, म्हणजे ठरावीक मापाच्या चौकटीतली झाडं मोजण्याचं, प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी कागदावरच आटोपतं. शिक्षक फळ्यावर तक्ता देतात, मुलं घनता आणि वारंवारिता काढतात, जर्नलवर सही होते. त्याऐवजी वायरिंगचे पांढरे पाइप आणि चार एल्बो घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. खर्च एका वडापावच्या पार्टीपेक्षा कमी. कॉलेजच्या मैदानाच्या कडेला, कुंपणालगत, जिथे पावसाळ्यात हराळी, गाजर गवत, टाकळा, आघाडा असं सगळं एकत्र माजतं, तिथे न्या. चौकट टाका म्हटलं की मुलं काय करतात ते बघा. दहातली नऊ मुलं चौकट टाकत नाहीत, ठेवतात. आणि ठेवतात ती जिथे भरपूर झाडं दिसतात तिथे. तिथे काही बोलू नका, ठेवू द्या.

मग मोजणी सुरू होते आणि पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, ‘सर, हराळी कशी मोजायची?’ टाकळ्याचं एक रोप म्हणजे एक, हे सरळ आहे. पण हराळी जमिनीवरून धावते, पेरापेराला मुळं सोडते, चौकटीच्या एका कडेने आत येते आणि दुसऱ्या कडेने बाहेर जाते. एक झाड कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं? एक गट प्रत्येक तुरा मोजतो, दुसरा प्रत्येक मुळं फुटलेलं पेर, तिसरा सगळी मिळून ‘एक’ लिहून मोकळा होतो. वर्गात तिन्ही गटांची घनता फळ्यावर लिहिली की एकच गलका होतो. त्या गलक्यातून दोन गोष्टी निघतात. एक, ‘सजीवाची एक व्यक्ती’ म्हणजे काय हे निसर्गात नेहमी ठरलेलं नसतं, आणि म्हणूनच गवतासाठी संख्येऐवजी किती टक्के जमीन झाकली ते मोजतात. दुसरी, चौकट आवडीच्या जागी ठेवली तर येणारी घनता मैदानाची नसते, आवडीची असते. यादृच्छिक नमुना का घ्यायचा हे मी फळ्यावर किती वेळा समजावलं असेल, पण ते पटलं या भांडणानंतरच. दुसऱ्या खेपेला मुलंच सुचवतात की मैदानाला दोन बाजूंनी टेप लावू आणि चिठ्ठ्या उचलून जागा ठरवू.

लक्षात घ्या, यात बस नाही, वनविभागाची परवानगी नाही, डबा नाही. दोन तासिका जोडून मिळाल्या तरी काम होतं. म्हणून माझा पहिला सल्ला: पहिलं सत्र कॉलेजच्या आवाराबाहेर जाऊच नका.

आता नांदूर मध्यमेश्वर. तुमच्या दाराशी गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं असं पाणथळ क्षेत्र आहे, जे २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. मुंबई-पुण्याची माणसं लांबलांबून तिथे येतात, आणि तिथल्या मुलांना ते ‘बंधाऱ्यावरचे पक्षी’ म्हणून लहानपणापासून माहीत असतं. ही तुमची जमेची बाजू आहे. पण ‘पक्षी ओळखा’ हा उपक्रम मी हळूहळू बंद केला. नावं सांगत गेलं की मुलं नावं लिहीत जातात. जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, थापट्या, चक्रवाक, चित्रबलाक अशी यादी वाढते आणि डोकं रिकामं राहतं. नावं लागतातच, पण दहा-बारा पुरेत.

त्यापेक्षा तिथे एक प्रश्न आयता पडलेला आहे आणि तो तुमच्या मुलांना माझ्या शहरी मुलांपेक्षा चांगला कळेल. हा जलाशय मुळात उथळ, गाळाने भरत आलेला. वरच्या धरणांतून पाणी सुटलं, कालव्याचं आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) सुरू झालं किंवा थांबलं, की इथली पातळी हलते. पाणी भरलेलं असताना बदकं आणि वारकरी पक्षी मजेत असतात. पाणी उतरलं, काठाचा चिखल उघडा पडला, की तुतवार, शेकाट्या अशी लांब पायांची, चिखलात चोच खुपसणारी मंडळी वाढतात. ‘आवर्तन’ हा शब्द निफाडच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. घरी द्राक्षबाग किंवा ऊस असतो, पाण्याची पाळी कधी हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला विचारा: आवर्तन सुटण्याआधी आणि नंतर, एकाच जागेवरून, ठरावीक वेळ उभं राहून मोजलं तर बदकं आणि चिखलातले पक्षी यांचं प्रमाण बदलतं का? दोनच रकाने. प्रत्येक पक्ष्याची जात कळली नाही तरी चालेल, पोहणारा की चालणारा एवढं पुरे. थंडीत दोन-तीन वेळा गेलात, तेही आसपासच्या गावांतली चार-सहा मुलं सायकलवर गेली, तरी वर्गात मांडण्यासारखं काहीतरी हाती येतं. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, शेवटचा दिवस म्हणजे सलीम अलींचा जन्मदिवस. प्राचार्यांकडे परवानगी मागायला हे निमित्त उत्तम. मात्र फलक धरून फोटो काढण्यात तो आठवडा घालवू नका.

मोजणीत हमखास घोटाळा होतो तो वारकऱ्यांचा. काळ्या पक्ष्यांचा एवढा मोठा थवा पाण्यावर असतो की एक मुलगा दीडशे लिहितो आणि शेजारचा सहाशे. आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढी जागा डोळ्यांत बसवायची आणि मग थव्यात तशा किती जागा बसतात ते मोजायचं, हे तंत्र भांडण झाल्यावर शिकवा. आधी शिकवलं तर कुणी लक्ष देत नाही.

नाशिक शहरातल्या शिक्षकांना मी नेहमी नदी सुचवतो. गोदावरीचं पाणी शहराच्या वर सोमेश्वरकडे आणि शहर ओलांडल्यावर तपोवनाच्या खाली, अशा दोन ठिकाणी बघायचं. रासायनिक तपासणी करायची तर पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत आहेच. काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की प्राणवायू असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसतो, अजिबात नसेल तर तो पांढराच राहतो. तो तपकिरी रंग बघताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण कनिष्ठ महाविद्यालयात मी आम्लाच्या बाटल्या काठावर न्यायच्या भानगडीत पडणार नाही. त्याऐवजी दगड उचला.

वरच्या बाजूला, वाहत्या पाण्यातला हाताच्या पंजाएवढा दगड हळूच उलटा करून पांढऱ्या ट्रेमध्ये धुवायचा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, फक्त गाळ. अर्धा मिनिट थांबलं की गाळ ‘चालायला’ लागतो. चपटं, नखाएवढं काहीतरी, मागे लांब शेपट्या, बहुधा तीन, आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, सतत थरथरणारे. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची अळी. तिला भरपूर प्राणवायू लागतो. कधी वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी दिसते आणि तिच्यातून डोकं बाहेर येतं, ती कॅडिसफ्लायची. शहराच्या खाली काठाजवळचा काळा गाळ चाळणीत घेतला की वेगळंच जग. लालभडक, वळवळणाऱ्या बारीक अळ्या. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर त्या जिथे इतर कुणी टिकत नाही अशा कमी प्राणवायूच्या गाळात टिकतात. हिमोग्लोबिन म्हणजे आपलंच, पाठ्यपुस्तकातल्या रक्ताच्या धड्यातलं, असं समजणाऱ्या मुलांना तो धक्का असतो. नदी स्वच्छ की घाण हे वर्तमानपत्रात वाचण्यापेक्षा त्या दोन ट्रेंमध्ये जास्त स्पष्ट दिसतं.

इथेही खरा तास दुसऱ्या दिवशी. कुणीतरी शहाणा मुलगा हरकत घेतोच: सोमेश्वरला पाणी खळाळतं आणि दगड आहेत, खाली पाणी संथ आणि गाळ आहे, मग फरक सांडपाण्यामुळे की दगड-गाळामुळे? त्या मुलाला बसवू नका. त्याची हरकत बरोबर आहे आणि तिला उत्तर एकच, तुलनेसाठी वरच्या बाजूलाही एखादा संथ, गाळाचा भाग शोधायचा आणि पुन्हा जायचं. ‘चल घटक एक सोडून बाकी सारखे ठेवावेत’ हे वाक्य आठवीपासून पाठ असतं. त्याचा अर्थ त्या हरकतीच्या वेळी कळतो. (शहराखालच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका. लांब दांड्याची चाळणी, रबरी हातमोजे, नंतर साबणाने हात धुणं, आणि पायाला जखम असेल त्याने काठावर नोंदी घ्यायच्या. यात तडजोड नाही.)

तुमच्या भागाला जवळचा आणखी एक विषय म्हणजे कांद्याचं बी. कांद्याचा पातळ पापुद्रा आणि मुळाच्या टोकाच्या पेशी आपण सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं दाखवतो, पण कांद्याचं फूल वर्गात कुणी आणत नाही. बियाण्यासाठी ठेवलेल्या प्लॉटमध्ये हिवाळ्याच्या शेवटी गोंडे फुलतात. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी तयार होतात आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला बहुधा उपयोगी पडत नाहीत. परागकण दुसरीकडून यावे लागतात आणि ते काम मुख्यतः मधमाश्यांचं. एखाद्या पालकांच्या शेतात जाऊन एका गोंड्यासमोर ठरावीक मिनिटं बसायचं आणि आग्या, सातेरी, फुलोरी किती वेळा आल्या ते लिहायचं. एका गटाच्या वहीत दुसऱ्याच्या चौपट माश्या निघतात. भांडण होतं, आणि मग कळतं की एक गट सकाळी नऊला बसला होता आणि दुसरा बारा वाजता, किंवा शेजारच्या प्लॉटवर त्या दिवशी फवारणी झाली होती. मुलाचे वडील तिथेच उभे असतात. ‘औंदा बी का भरलं नाही’ हा प्रश्न त्यांच्या मनात असतोच. मी तिथे गप्प राहतो, बोलू देतो. पालकांचा विरोध मावळायला माझ्या कुठल्याही भाषणाचा एवढा उपयोग झालेला नाही.

वनस्पती गोळा करण्याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण जुन्या पद्धतीचे शिक्षक अजून हर्बेरियमचा आग्रह धरतात. प्रत्येक मुलाने पन्नास झाडं वाळवून आणायची म्हणजे एका वर्गाने डोंगराची एक बाजू उपटायची. नाशिकजवळच्या अंजनेरी गडावरची सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात विज्ञानाला माहीत झाली २००६ साली. तिच्या फुलाची नळी म्हणजे बारीक माश्यांचा सापळा: आतले केस खाली वळलेले, माशी उतरते पण वर येऊ शकत नाही, फूल मलूल झालं की सुटते आणि पराग घेऊन पुढच्या फुलात अडकते. अशी झाडं मूठभर जागेत असतात. पाऊस ओसरल्यावर गडावर मुलांना नेलंत तर हात न लावता भिंगाने बघायला शिकवा, आणि फोटो आंतरजालावर टाकताना नेमकी जागा देऊ नका. प्राण्यांच्या बाबतीत तर प्रश्नच मिटला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनावर २०११ मध्ये मर्यादा घातल्या आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं. त्या वेळी अनेक सहकाऱ्यांना वाटलं, आता प्रात्यक्षिकात उरलं काय? मला उलट वाटलं, की मेलेल्या बेडकाच्या जागी जिवंत बेडूक बघायला आता तरी वेळ मिळेल. पहिल्या पावसानंतर रात्री डबक्याकाठी कोणते आवाज येतात हे नोंदवणं हा उत्तम गृहपाठ आहे, आणि ग्रामीण मुलं त्यात शहरी मुलांना सहज हरवतात.

नीटबद्दल खरं सांगायचं तर पालकांना ‘यामुळे मार्क वाढतील’ असं आश्वासन देऊ नका. ती परीक्षा एनसीईआरटीच्या ओळींवर चालते आणि हराळीच्या भांडणाचे तिथे गुण नाहीत. परिसंस्था आणि जैवविविधतेचे धडे पाठ करायला कमी वेळ लागतो, आलेख वाचताना मुलं बिचकत नाहीत, एवढं मी खात्रीने म्हणेन. ज्यांना डॉक्टर व्हायचंय तीही वर्गात भांडायला तयार असतात, त्यांना फक्त शनिवार सकाळ सोडून दुसरा वेळ मागू नका, इतर वेळी क्लास असतो.

अडचणीची खरी जागा मूल्यमापन. तुमची मुलं अहवाल उतरवतात कारण सगळ्यांचा अहवाल सारखाच असू शकतो. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे सबंध जिल्ह्यात पसरला आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद करेपर्यंत चालला. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी परीक्षाही बदलली होती. पुस्तक उघडं ठेवून लिहायचं आणि प्रयोग करून दाखवायचा. बोर्डाची परीक्षा आपल्या हातात नाही, पण अंतर्गत गुण आहेत. प्रत्येक गटाला वेगळी जागा द्या. अहवाल मागूच नका. वहीतली मूळ नोंद मागा, पेन्सिलीने लिहिलेली, चिखल लागलेली, खाडाखोड असलेली. तोंडी परीक्षेत एवढंच विचारा: ‘तुझा आकडा शेजारच्या गटापेक्षा वेगळा का आला?’ याचं उत्तर कुणाच्या वहीतून उतरवता येत नाही. पदवीला आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक मिळतात; तिथेही हीच पद्धत लागू करा, नाहीतर तोही दोन वर्षांत झेरॉक्सच्या दुकानात पोचेल.

परवानगीचं सांगतो. प्राचार्यांकडे ‘क्षेत्रभेट’ म्हणून अर्ज दिला की त्यांना अपघात दिसतो. ‘प्रात्यक्षिक क्रमांक अमुक, स्थळ कॉलेजचं आवार’ असा द्या, लगेच सही होते. आवाराबाहेर जाताना पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचाराची पेटी, वीस मुलांमागे एक मोठं माणूस आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे याची आधी जाऊन केलेली खात्री. शेवटची गोष्ट आखणाऱ्या पुरुष शिक्षकांच्या लक्षातच येत नाही, आणि मग मुली ‘घरी काम आहे’ सांगून येत नाहीत. अभयारण्यात आत जायचं असेल तर वनविभागाकडे लेखी अर्ज. अंजनेरी, ब्रह्मगिरी भर पावसात टाळा, पाऊस ओसरल्यावर न्या.

आणखी एक सुचवतो, जमलं तर. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि पूर्वेला येवल्याकडे पाचशेच्या आसपास. एवढा फरक एकाच जिल्ह्यात आहे. इगतपुरी, निफाड आणि येवला अशा तीन ठिकाणच्या तीन शिक्षकांनी ठरवून ऑगस्टच्या एकाच आठवड्यात, त्याच मापाच्या चौकटीने, कुंपणालगतचं गवत मोजलं आणि आकडे व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवले, तर कुणालाही कुठे जावं लागत नाही. आम्ही शिक्षकांच्या कार्यशाळांत हे करून बघितलं आहे. मुलांपेक्षा शिक्षकच जास्त भांडले.

सुरुवात जुलैत करा, शाळा-कॉलेजं रुळल्यावर, हराळीपासून. आणि मुलांच्या वह्या वर्षअखेरीला परत देऊ नका. विभागाच्या कपाटात ठेवा, जागा आणि तारीख घालून. पुढच्या वर्षीची मुलं त्याच कुंपणालगत चौकट लावतील तेव्हा त्यांना भांडायला मागच्या वर्षीचे आकडे लागतील.